तिसरा टाका

१

मावशींनी दुकानाच्या फळ्या काढल्या आणि शिलाई मशीनवरचं फडकं झटकलं, तोच एक माणूस आत शिरला. राम राम नाही, बसू का नाही. खिशातून लोखंडी मोजपट्टी काढून सरळ भिंत मोजायला लागला. चाळीस वर्षं या दुकानात माप घ्यायचा हक्क एकाच बाईचा होता.

"ओ भाऊ, भिंतीला सदरा शिवायचाय का?"

माणूस ओशाळला. "मी दलाल, मावशी. तुमच्या घराचं गिऱ्हाईक आज पाचला येतंय. म्हटलं आधी मापं घेऊन ठेवावीत."

"कुणाच्या घराचं?"

"तुमच्याच. खाली दुकान, वर तीन खोल्या. सही तुम्हीच केलीय की."

त्यानं कागद पुढे केला. मावशींनी तो हातात घेतला. सही त्यांचीच होती. शेवटच्या अक्षराला सुईत दोरा ओवल्यासारखा फास. असा फास दुसऱ्या कुणाला जमत नाही.

"वाचून दाखवा. माझा चष्मा वर राहिलाय."

चष्मा गळ्यात लोंबत होता. दलालानं तो बघूनही न बघितल्यासारखं केलं आणि वाचलं. घर विकायला मावशींची पूर्ण संमती आहे. येणारी रक्कम मुलगा आणि मुलगी यांना सारखी, अर्धी अर्धी द्यावी. खाली सही. सहीच्या खाली जाड अक्षरांत: घर विकणारी मालकीण.

"हा तुम्हाला दिला कुणी?"

"सोमवारी सकाळी कचेरी उघडली तर दाराखाली पाकीट. सोबत चिठ्ठी, छापलेली. शनिवारी पाचला गिऱ्हाईक घेऊन या, घरचे सगळे असतील. आपल्याला काय, कागद अस्सल आहे ना, मग बास."

"कागद इथे राहू द्या. पाचला या."

"मावशी, अस्सल कागद आहे तो."

"मीही अस्सल आहे. या आता."

तो गेल्यावर मावशींनी कागद उन्हात धरला. डाव्या कडेला बारीक भोकं होती. टाचणीची असतील, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. लक्ष गेलं ते सहीवर. शाई निळी होती आणि चमचमत होती, माशाच्या खवल्यासारखी.

गेल्या वर्षभरात मावशींनी एकाच कागदावर सही केली होती, आणि तीही असल्याच चमचमत्या पेनानं. गेल्या रविवारी. समुद्राच्या पोटात.

२

मावशींना सत्तर पूर्ण झाली म्हणून सगळ्या घरानं त्यांना तिथे नेलं होतं. मुलगा, सून, मुलगी, जावई आणि मुलीच्या दोन मुली. जाहिरातीत म्हटलं होतं, समुद्राच्या पोटात उतरा, देवमासा अंगावरून जाईल, वादळात सापडाल.

सापडले ते गोदामात. पडद्यावर देवमासा होता खरा, पण त्याची शेपटी शौचालयाच्या दारावर पडत होती. आतून कुणी बाहेर आलं की शेपटी दुमडायची. वादळ म्हणजे पडद्यामागे उभा असलेला एक माणूस आणि त्याच्या हातातली फवाऱ्याची बाटली. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली मावशी आंधळ्या झाल्या तरी ओळखतील. खडकावरची झाडं कापडाची, फुटलेल्या शिवणींतून चिंध्या लोंबत होत्या. मावशींनी एक झाड उलटं करून आतली शिलाई बघितली आणि "हं" म्हटलं. त्या "हं"नं अर्ध्या घराचा विरस झाला.

नाती मात्र साबणाच्या फुग्यांमागे खिदळत होत्या. त्या दोघींनाच काय तो समुद्र दिसला.

बाहेर आल्यावर मुलीनं विचारलं होतं, "कसं वाटलं, आई?"

"इस्त्रीच्या बाटलीनं भिजायला मला इथवर आणलंस? घरी बसून कपभर चहा प्यायले असते." आणि एवढ्यावर थांबतील तर त्या मावशी कसल्या? "त्या झाडांची शिलाईसुद्धा तुझ्यासारखीच. वरून बरी, आतून उसवलेली."

मुलगी हसली नाही. नातींचं हसणंही तिथेच थांबलं.

आणि सही? ती आत शिरण्याआधीची. दाराशी सगळ्यांना टोपीवाले निळे प्लास्टिकचे कोट आणि माशाचे कागदी मुखवटे दिले होते. पाणबुड्याच्या वेशातल्या एका माणसानं मावशींपुढे पाटी धरली. पाटीवर माशांचं चित्र छापलेला कागद. "आजी, इथे सही." दिव्यांचा लख्ख उजेड होता आणि चष्मा नाकावर होता. मावशींनी कागदावरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, "वाचलं, वाचलं" म्हटलं आणि सही ठोकली.

पाटी त्या पाणबुड्याच्या हातात दिली कुणी? मावशींनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि रिक्षाला हात केला.

३

पाणबुडा गोदामाच्या मागच्या पायरीवर बसून डबा खात होता. टोपडं बाजूला काढलेलं, कपाळावर त्याचा वळ.

"सही कसली, मावशी? आमच्याकडे सही-बिही काही नसते. तिकीट फाडायचं आणि आत सोडायचं."

"तूच माझ्यापुढे पाटी धरलीस."

त्यानं घास थांबवला. "हां, त्या तुम्ही होय? ती पाटी आमची नव्हती. तुमच्यातल्याच कुणीतरी आणून दिली. म्हणे, आमच्या आजी घरच्यांचं ऐकत नाहीत, गणवेशातल्या माणसाचं ऐकतील. पेन तेवढं आमचं."

बोलणाऱ्यानं मावशींना बरोबर ओळखलं होतं, एवढं मात्र खरं.

"बाई होती की पुरुष?"

"कोट, टोपी, वर मुखवटा. तुम्ही सगळे सारखेच दिसत होता."

"आवाज तरी?"

"आत देवमासा ओरडत असतो. रोज चारशे माणसं माझ्या कानात ओरडतात. खरं सांगू? संध्याकाळी मला माझ्या बायकोचा आवाज ओळखू येत नाही."

"सही झाल्यावर पाटी कुणाला दिलीस?"

"ज्यानं दिली त्यालाच. एक आठवतंय. मी वरचा कागद उचलून बघायला गेलो, तर उचलेना. खालच्या कागदाला पक्का धरून होता. गोंद नव्हता, टाचणीही नव्हती. पण पक्का."

मावशी उठल्या. म्हणजे माशांच्या चित्राखाली दुसरा कागद होता. वरचा आखूड, खालचा लांब. सहीची पट्टी तेवढी उघडी. हे गोदामातल्या कुणाचं काम नव्हतं. त्या दिवशीच्या निळ्या कोटांपैकी नाती सोडल्या तर चार उरत होते, आणि चौघंही मावशींच्या घरचे.

४

सून स्वयंपाकघरात होती. तिला जिन्याचा कंटाळा होता आणि लिफ्टच्या इमारतींची रंगीत माहितीपत्रकं ती उशीखाली ठेवायची. मावशींनी सुरुवात तिच्यापासून केली, कारण चोर ती निघाली असती तर त्यांना जेवण गेलं असतं.

"समज, हे घर विकलं तर?"

"सोन्याहून पिवळं," सून म्हणाली. "तुमच्या तोंडावर सांगते, आई. माझे गुडघे गेले या जिन्यानं."

"आणि दोन्ही मुलांना सारखं वाटलं तर?"

सुनेनं उलथनं खाली ठेवलं. "अर्धं वन्संना? का म्हणून? तुमच्या मागे हे घर यांचंच आहे, तुम्हीच शंभरदा सांगितलंय. मी मूर्ख दिसते का, हातातलं अख्खं सोडून अर्धं घ्यायला?"

सून मूर्ख नव्हती. हेच तर मावशींचं दुखणं होतं. आणि हाच हिशोब मुलालाही लागू होता. ज्याला पूर्ण घर मिळणार, तो अर्ध्याचा कागद करेलच कशाला?

तरी त्या मुलाकडे गेल्या. तो गॅलरीत वर्तमानपत्र चाळत होता. रोजच्यासारखी त्यानं आतली पानं सोडवून त्यांच्या हातात दिली. "घे. चौथ्या पानावर पाणीकपातीचं आलंय, वाच. तुला माझ्याआधी सगळं कळतं म्हणा."

मावशींनी पान उघडलं, योग्य तेवढा वेळ धरलं आणि मिटलं. पंचवीस वर्षं त्या असंच पान धरत आल्या होत्या. मुलाच्या मनात कधी शंकाही आली नाही.

राहिला जावई. मावशींची सगळी मदार आता त्याच्यावर होती. तो पंखे-मोटारी दुरुस्त करायचा आणि सासूपुढे उभं राहताना दोन्ही हात मागे बांधायचा. परका माणूस. चोर परका निघाला तर रडायचं तरी कारण नाही. त्याच्या दुकानात जाऊनच त्यांनी त्याला गाठलं.

"जावईबापू, सरळ विचारते. माझ्याकडून कसल्या कागदावर सही घ्यायची झाली, तर तुम्ही काय कराल?"

"मी?" त्याच्या हातातला पेचकस खाली पडला. "तुमच्याकडून? आई, तुम्ही हॉटेलातलं बिलसुद्धा दोनदा वाचता. मी कागद आणला तर तुम्ही त्यातलं शुद्धलेखन काढाल."

"असं तुमची बायको सांगते?"

"ती तर म्हणते, आईच्या नजरेतून अक्षर सुटत नाही." तो भीत भीत हसला. "तुमचा धाक जात नाही हो तिच्या मनातून. गेल्या महिन्यात पडदे शिवत होती. म्हटलं, पडद्याला कच्च्या टाक्याची एवढी काय मिजास? म्हणाली, दोनाच्या जागी तीन घेते, नाहीतर आईचा हात आठवतो."

मावशींचा हात गालापर्यंत गेला. स्वतःच्याच.

५

आता गोष्ट इतकी उघडी होती की तिच्याकडे न बघण्यासाठी मावशी दुकानात येऊन फळ्या लावून बसल्या.

सहीच्या खाली जाड अक्षरांत लिहिलं होतं: घर विकणारी मालकीण. लख्ख उजेडात, चष्मा लावलेल्या बाईच्या नाकापुढे. वाचता येणाऱ्या बाईपुढे असा कागद धरायला वेडंच व्हावं लागेल. हा कागद अशा माणसानं धरला होता, ज्याला ठाऊक होतं की मावशींना सहीपलीकडे एक अक्षर येत नाही.

आणि असं माणूस जगात एकच होतं.

सूनबाई निरोपाच्या चिठ्ठ्या लिहून ठेवायची. मुलगा वर्तमानपत्र द्यायचा. जावई तर त्यांना अक्षरांची राणी समजत होता. गिऱ्हाइकांच्या मापांची वही वयाच्या नवव्या वर्षापासून मुलीनं लिहिली होती. कर्जाचे कागद, पालिकेच्या नोटिसा, सगळं तिनंच कानाशी वाचलं होतं. लग्न होऊन ती गेल्यावर मावशी कागदाच्या पट्टीला कात्रीनं खाचा पाडून मापं ठेवायला लागल्या, पण दुसऱ्या कुणाला वही लिहायला बोलावलं नाही. आणि मुलीनं ही गोष्ट नवऱ्याच्याही कानावर घातली नव्हती. इतकी सांभाळली. इतकी सांभाळून मग वापरली.

अजून एक फट उरली होती. जावयानं बायकोच्या पोटातून काढून घेतलं असेल. माणसं झोपेतही बोलतात.

मावशींनी कागद काढला आणि डावी कड बोटाखाली घेतली. डोळे मिटले. शिवण डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. दोरा काढून घेतलेला, पण सुई आपली वाट ठेवून जाते.

दोन कापडं सरकू नयेत म्हणून कच्चा टाका घालतात. तो घालताना सुरुवातीला दोन टाके जागच्या जागी घ्यायचे, मग लांब लांब. या दुकानातला तो पहिला धडा. मुलीनं दहाव्या वर्षी एका कोटाची बाही टाचली होती, आणि गिऱ्हाइकानं हात घालताच दोन टाके सुटून बाही लोंबली. मावशींनी सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली वाजवली होती. त्या दिवसापासून पोरगी तीन घ्यायला लागली.

बोटाखाली एक टाका लागला. दुसरा लागला.

मावशींनी बोट तिथेच थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपलंच शिकवणं खोटं ठरावंसं वाटलं.

मग बोट पुढे सरकलं.

६

मुलगी साडेचारला आली. निरोप होता, एकटीच ये. ती आली, मशीनपुढच्या बाकावर बसली आणि तिनं मावशींच्या मांडीवरचा कागद बघितला.

"दोरा कुठल्या रंगाचा होता?" मावशींनी विचारलं.

"पांढरा."

"तिसरा टाका घेतला नसतास, तर तुझ्या नवऱ्यावर ढकलून मोकळी झाले असते."

"माहितीये मला." मुलीचा आवाज सपाट होता. "टाचताना दोनच घेणार होते. हात ऐकेना."

"आईला फसवताना ऐकला ना हात?"

"तूच शिकवलास, आई. पट्टीवर खाचा पाडून लोकांना मापं वाचून दाखवतेस, ते काय असतं?"

मावशींचा हात उठला. मुलीनं मान बाजूला केली नाही, तेव्हा तो आपोआप खाली आला.

"हे घर त्याचं. मी सांगितलं होतं तुला. तेव्हा तोंडाला काय कुलूप होतं?"

"सांगितलं नव्हतंस. लिहून घेतलं होतंस. मृत्युपत्र माझ्या हातून, कारण दुसऱ्याला बोलावलं तर तुझं बिंग फुटलं असतं. मीच लिहिलं, घर मुलाला. मीच लिहिलं, मशीन मुलीला. मीच तुला वाचून दाखवलं आणि मीच थैलीत घालून शिवलं. नऊ ते चोवीस, पंधरा वर्षं या बाकावर बसले, त्याचं मशीन. आणि गेल्या महिन्यात वहिनीच्या खोलीचे पडदे माझ्याकडून शिवून घेताना काय म्हणालीस? भावाचं घर आहे, नीट शिव."

मशीनची वादी हलत नव्हती तरी मावशींनी चाकावर हात ठेवला.

"भांडायचं होतंस माझ्याशी."

"तुझ्याशी? तुझ्याशी भांडून कुणी घरात राहिलंय?" मुलगी उठली. "त्या दिवशी पाकीट माझ्या पिशवीत होतं. सही झाली होती. म्हटलं, आई बाहेर आल्यावर एकदा, एकदाच म्हणाली, बरं झालं आणलंस, तर तिथल्या कचऱ्याच्या पेटीत फाडून टाकीन. देवमाशाची शपथ." ती हसली, आणि ते हसणं रडण्यापेक्षा वाईट होतं. "तू म्हणालीस, वरून बरी, आतून उसवलेली."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. पाचला दहा कमी होते.

७

दलाल गिऱ्हाइकाला घेऊन आला. मुलगा आणि सून जिन्यावरून खाली आले. जावई बायकोला शोधत येऊन दाराशी थांबला.

"मावशी, यांना घर दाखवू ना? कागद काढा."

"कागद आहे," मावशी म्हणाल्या. "सहीही माझी आहे."

"आई!" मुलाचा चेहरा उतरला. "तू घर विकतेस?"

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. मावशींनी तिच्याकडे बघितलं नाही. एका वाक्यात तिला सगळ्यांपुढे उघडी पाडता आली असती. दुसऱ्या वाक्यात स्वतः उघडं पडावं लागणार होतं. आणि घर वाचवायला ते दुसरं वाक्यच पुरेसं होतं.

"सही माझी, कागद माझा नाही. मला वाचता येत नाही." कुणी हललं नाही, म्हणून त्यांना परत सांगावं लागलं. "आयुष्यात एक अक्षर मी वाचलेलं नाही. काय लिहिलंय ते न कळता सही केली. अशा सहीवर घर घ्यायचं असेल तर खुशाल कोर्टात या."

गिऱ्हाइकानं दलालाकडे बघितलं. दलालानं मोजपट्टी खिशात घातली. दोघं गेले.

"पण वर्तमानपत्र..." मुलगा एवढंच म्हणाला.

सुनेनं पदर तोंडाला लावला. हसायला की कशाला, मावशींनी बघितलं नाही. आणि भोळ्या जावयानं बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?" मुलीनं पिशवी उचलली. चपला घातल्या आणि निघाली. उंबऱ्यावर ती क्षणभर थांबली. मावशींनी हाक मारली असती तर वळली असती. मावशींनी हाक मारली नाही. त्यांना ती मारायची सवयच नव्हती.

सगळे वर गेल्यावर त्यांनी मशीनच्या खणातून कापडी थैली काढली. बारा वर्षं ती उघडली नव्हती. आता एक नवाच किडा डोकं पोखरत होता. थैली मुलीनं शिवलेली, मजकूर तिनं लिहिलेला, वाचून तिनंच दाखवलेला. त्यात खरं काय आहे ते मावशींना कधीच कळलं नव्हतं. जी कागदाखाली कागद टाचते, तिनं तेव्हा काय काय लिहून ठेवलं असेल?

शिवण उसवायला त्यांना वेळ लागला. दोन टाके निघाले. तिसरा पक्का होता, दातानं तोडावा लागला.

त्यांनी मुलाला खाली बोलावलं. "वाच. मोठ्यानं. काही गाळू नकोस."

मुलगा दिव्याखाली धरून वाचत गेला. घर मुलाला. मशीन मुलीला. पितळी कात्री मुलीला, कारण तिला धार लावता येते. दोन गिऱ्हाइकांच्या साक्षीच्या सह्या, खाली मावशींची फासाची सही.

"अजून काय आहे?"

"काही नाही, आई. संपलं."

"नीट बघ. कुठे काही फिरवलंय, वाढवलंय?"

त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला. "नाही गं. तू सांगितलंस तेच असणार सगळं. खाडाखोडसुद्धा नाही. इतकं सुबक अक्षर आहे."

बारा वर्षांपूर्वी ती या बाकावर पेन घेऊन बसली होती. दुकानात दोघीच. एका शब्दाचा फरक केला असता, मुलाच्या जागी मुलगी, आणि पुन्हा वाचून दाखवताना 'मुलगा' असंच वाचलं असतं, तर आईच्या मागे घर तिचंच झालं असतं. मावशींना मरेपर्यंत कळलं नसतं. तिनं एक अक्षर बदललं नव्हतं.

"आई, काय झालं?"

"काही नाही. डोळ्यात दोरा गेला," मावशी म्हणाल्या, आणि गळ्यातला चष्मा उगाचच डोळ्यांवर चढवला.